सहावा महिना आणि आकसलेली झडप

आमच्या अंगणवाडीला तीन पायऱ्या आहेत. पाचव्या महिन्यात मला दुसऱ्या पायरीवर थांबावं लागायचं. हातात काही ओझं नसायचं, तरी थांबायचे. मुलं आतून ओरडायची, "बाई, या की!" मी चौकट धरून हसल्यासारखं करायचे. तोंड उघडं का आहे ते कुणाला कळू नये म्हणून.

मी उंब्रजजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या गरोदर बायकांची नोंद ठेवायची, त्यांचं वजन करायचं, गोळ्या घेतात का ते विचारायचं, तपासणीच्या दिवशी त्यांना दवाखान्यात न्यायचं, हे माझं काम. लग्नाला चार वर्षं झाल्यावर माझंच नाव त्या वहीत आलं. ते मी माझ्या हाताने लिहिलं. 'काही त्रास' या रकान्यात लिहिलं, 'नाही'.

ते खोटं होतं. भांडी घासून उठले की छातीत धडधडायचं. आडवं झालं की खोकला यायचा, म्हणून एका उशीच्या दोन झाल्या, मग भिंतीला टेकून झोपायची सवय लागली. एकदा खोकल्यातून गुलाबीसर फेस आला. मी तो नळाखाली धुऊन टाकला आणि कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या एखाद्या बाईने हे केलं असतं, तर मी तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं.

का लपवलं, तेही खरं लिहिते. चार वर्षं वाट पाहून दिवस गेले होते. आपण काही बोललो आणि कुणीतरी 'यात काहीतरी बिघाड आहे' म्हणालं तर, ही भीती होती. सासूबाईंना एकदा चाचरत विचारलं, "आत्या, इतकी धाप लागते का हो सगळ्यांना?"

"दुजीवाची हायस, लागणारच," त्या म्हणाल्या. "संतोषच्या टायमाला म्या सातव्या म्हयन्यात ऊस खुरपत हुते."

मला तेवढंच ऐकायचं होतं.

पंखा बंद करा

सहाव्या महिन्यात तपासणीला मी गावातल्या पाच बायकांना रिक्षाने घेऊन गेले. आरोग्य केंद्रात नव्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या. वयाने माझ्याहून लहानच असतील. रिक्षातून उतरून मी दारापर्यंत चालत गेले आणि बाकड्यावर बसले. एवढं त्यांनी खिडकीतून पाहिलं असावं.

"तुमचा नंबर कितवा?"

"माझा नाही मॅडम. मी बायकांना घेऊन आले आहे."

"तुम्हीपण गरोदर आहात ना? या आत."

छातीला नळी लावून दोन सेकंदांत काढणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिलेत. या मॅडमनी काढलीच नाही. मग मला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं आणि नळी पुन्हा लावली. बाहेर बायकांची बडबड चालू होती. त्यांनी दार लावून घेतलं. सिस्टरला म्हणाल्या, "जरा पंखा बंद करा."

पंख्याची पाती थांबेपर्यंत मला घाम फुटला होता.

"मला एक आवाज ऐकू येतोय," त्या म्हणाल्या. "तो तिथे असायला नको."

"बाळाचा असेल, मॅडम."

"बाळाचा इतक्या वर येत नाही." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "तुम्हाला पायऱ्या चढवतात का?"

मी नाही म्हणाले. त्या एका 'नाही'बरोबर सगळंच बाहेर आलं. धडधड, उशा, खोकला, तो गुलाबी फेससुद्धा. बोलताना रडू आलं. त्यांनी रडू दिलं आणि तोवर चिठ्ठी लिहिली. साताऱ्याला जाऊन हृदयाची सोनोग्राफी करायची.

"उद्या जायचं," चिठ्ठी देताना म्हणाल्या. "परवा नाही."

साताऱ्याचा दिवस

माझे यजमान, संतोष, यांचं हायवेच्या सर्व्हिस रोडला दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद ठेवून ते माझ्याबरोबर आले. एसटीत खिडकीची जागा मला दिली आणि साताऱ्यापर्यंत तीनदा विचारलं, "बरं वाटतंय न्हवं?"

अंधाऱ्या खोलीत छातीवर गार जेली लावून डॉक्टर पडद्याकडे पाहत होते. पोटातल्या बाळाची सोनोग्राफी करताना माणसं बोलतात, हसतात. इथे कुणी बोलत नव्हतं. पडद्यावर काहीतरी उघडझाप करत होतं. मला ते अडखळत उघडणाऱ्या दारासारखं दिसलं, पण मनाचे खेळ असतील म्हणून मी नजर काढून घेतली.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं. हृदयात डाव्या बाजूला वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त जातं. मधे झडप असते. माझी झडप आकसली होती. तिच्या पाकळ्या कडेला एकमेकींना चिकटल्या होत्या. रक्त पुढे जायला वाट नाही म्हणून ते मागे, फुप्फुसांत तुंबत होतं. गरोदरपणात अंगात रक्त वाढतं, म्हणून इतकी वर्षं गप्प बसलेला आजार आता बोलू लागला होता. रिपोर्टवर एक शब्द इंग्रजीत होता, सिव्हिअर. तो मला वाचता आला.

"म्हंजे वाल नीट उघडत न्हाई," संतोष म्हणाले. गॅरेजात ते इंजिनाच्या व्हॉल्व्हला वाल म्हणतात.

"बरोबर."

"मग बदलायचा का?"

"आधी उघडून बघायचा. त्यासाठी सांगलीला जावं लागेल. गरोदर बाईची झडप उघडायची तर सरावलेला हात पाहिजे."

आम्ही दोघं परतीच्या एसटीत बसलो. स्टँडवर त्यांनी माझ्यासाठी भाजलेल्या शेंगा घेतल्या होत्या. उंब्रजला उतरेपर्यंत पुडी तशीच त्यांच्या हातात होती. उतरताना त्यांनी ती खिशात घातली आणि माझा दंड धरला. रस्त्यात सगळ्यांसमोर त्यांनी मला असं कधी धरलं नव्हतं. त्या धरण्यानेच मला आजार केवढा आहे ते कळलं.

आईला फोन

सांगलीचे हृदयाचे डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे होते. रिपोर्ट बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "लहानपणी घसा दुखून ताप आला, मग सांधे सुजले, असं काही झालं होतं?"

"नाही. मी लहानपणी कधीच आजारी पडले नाही."

"आई आहेत? त्यांना विचाराल?"

माझं माहेर पूर्वेकडचं, माण तालुक्यातलं. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. आता थोडी शेती आहे, पण आई-वडील अजून कळप घेऊन बाहेर पडतात. पावसाळा संपला की फलटणकडच्या बागायती रानांत मेंढरं बसवायची, खत होतं म्हणून शेतकरी बोलावतात. त्या दिवशीही आई तिकडेच कुठेतरी होती. संतोषनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. मागे मेंढरांचा आवाज येत होता. मी विचारलं आणि आई लगेच म्हणाली,

"व्हय की! तू अकरा वर्सांची हुतीस. घसा धरला हुता तुजा. मंग चार-सा दिसांनी... न्हाई, दोन-तीन आठवडं झालं असतील, ताप आला. ह्यो गुडगा सुजला. त्यो उतरला की दुसरा सुजला. पाय टाकवत नव्हता तुला. आमचा तळ हालायचा हुता, म्हणून घोड्यावर बसवून आणली न्हाई का तुला? इसरलीस व्हय?"

मी विसरले नव्हते. घोडा मला चांगला आठवत होता. बिऱ्हाडाच्या घोड्यावर वाकळा, भांडी, कोंबड्या लादायच्या. पोरांनी पायी चालायचं. त्या एका वर्षी मला वाकळांवर बसवलं होतं आणि थोरली बहीण चिडून दगड लाथाडत खालून चालत होती. माझ्या लेखी ती माझ्या लहानपणातली सगळ्यात मोठी चैन होती. ते आजारपण होतं, हे मला एकोणतिसाव्या वर्षी त्या खोलीत कळलं.

डॉक्टर मान हलवत लिहून घेत होते. "तोच ताप. त्यानेच झडप धरली."

आईने ते ऐकलं.  मग ती म्हणाली, "वात आलाय म्हणून शेकलं म्या. पाला बांधला. आठ दिसांनी उठून पळाय लागलीस, म्हणून सोडून दिलं. म्हंजी म्याच केलं व्हय गं ह्ये?"

 डॉक्टरांनी फोन जवळ ओढला. "मावशी, मी डॉक्टर बोलतोय. तुमच्या जागी कुणीही तेच केलं असतं. हा ताप गुडघ्यातून निघून जातो आणि हृदयात बसतो, आणि हृदय तेव्हा दुखत नाही. तुम्हाला कसं कळणार? तुम्ही आज आठवून सांगितलंत, त्याचा आम्हाला उपयोग आहे."

"तिला काय हुणार न्हाई न्हवं?"

"त्यासाठीच ती इथे आली आहे."

दोन दिवस अबोला

मला त्याच दिवशी दाखल केलं. ठोके आवरायची गोळी, लघवी साफ होण्याची गोळी, अळणी जेवण आणि पूर्ण आराम. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून पुढचं सांगितलं. नुसत्या गोळ्यांवर महिने काढता आले तर पाहू, पण अशा झडपेचा भरवसा नाही. दुसरी वाट म्हणजे जांघेतल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत न्यायची आणि तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवायचा. चिकटलेल्या पाकळ्या कडेला सुटतात. बाळाला क्ष-किरण लागू नयेत म्हणून पोटाला शिशाचं आवरण बांधतात.

"शर्टाचं काज कुणी शिवून टाकलं तर बटण जाईल का?" ते म्हणाले. "आपल्याला शिवण उसवायची आहे. कापड फाडायचं नाही."

"आणि फाटलं तर?" संतोषनी विचारलं.

"बहुतेक वेळा फाटत नाही. फाटलं तर झडप गळते. जास्त गळाली तर लगेच मोठं ऑपरेशन करावं लागतं. तेव्हा आईला आणि बाळाला, दोघांनाही धोका असतो."

व्हरांड्यात आल्यावर संतोष भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मला तू पायजेस. पोराचं नंतर बगू."

"नंतर म्हणजे?"

"डॉक्टरला इचारू. मोकळी करता येत असंल तर..."

मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. मोठ्याने बोलायला मला दम नव्हता, म्हणून हळूच म्हणाले, "मी रिकामी होऊन झडप बरी होणार नाही. ती तशीच राहील. आज ना उद्या ती उघडायचीच आहे. मग आत्ताच उघडू."

ते निघून गेले. दोन दिवस दवाखान्यात यायचे, पाण्याची बाटली भरून ठेवायचे, औषधं आणायचे, पण माझ्याशी बोलायचे नाहीत. मीही हट्टाने बोलले नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांना माझ्या जिवाची भीती होती. यात चुकीचं कुणीच नव्हतं, म्हणून भांडण मिटतही नव्हतं.

ते सासूबाईंनी मिटवलं. त्या गावाहून माझ्याजवळ राहायला आल्या होत्या. मला भिंतीला टेकून बसल्या-बसल्या झोपलेलं त्यांनी पाहिलं आणि सकाळी माझे केस विंचरताना म्हणाल्या, "म्या ऊस खुरपायचं बोलले हुते, ते इसर. तवा मला काय ठावं, तुजं काळीज काय सोसतंय."

मग संतोष आले तेव्हा माझ्यासमोरच त्यांना म्हणाल्या, "जीव तिचा, प्वाट तिचं. तू कशाला आडवा येतुयास? तुला भ्या वाटतंय तर भ्या वाटतंय म्हण की. अबोला कशापाय?"

संतोष कॉटच्या कडेला बसले. पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं, परत लावलं. शेवटी म्हणाले, "अगं आत्तापतूर रोज इंजिनं उघडली. बसला न्हाई वाल तर परत काढायचा, परत बसवायचा. हितं परत काढायला मिळणार न्हाई."

दुपारी त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली. सही नेहमीची नव्हती, अक्षर अक्षर लावून काढलेली होती. खाली मीही केली.

वॉर्डातले दिवस

ऑपरेशनआधी आठवडाभर औषधांनी फुप्फुसं मोकळी करायची होती. पहाटे रक्त न्यायला माणूस यायचा. मग वजन. मग दिवसभराचं पाणी मोजून एका बाटलीत मिळायचं, तेवढंच प्यायचं. वजन एक किलोने उतरलं की सिस्टर खूश व्हायच्या. आयुष्यभर गरोदर बायकांचं वजन वाढलं की खूश होणारी मी, काट्यावर उभी राहून ते उतरावं म्हणून डोळे मिटायचे.

अळणी आमटी पहिल्या दिवशी तोंडात फिरत राहिली. सासूबाईंनी त्यांच्या डब्यातला ठेचा बाजूला ठेवला आणि माझ्याच आमटीत भाकरी कुस्करली. "मला बी बीपी हाय," म्हणाल्या. त्यांना बीपी नव्हतं. सांगलीत होतो तोवर त्यांनी मीठ तोंडाला लावलं नाही.

शेजारच्या कॉटवर वाईच्या एक काकू होत्या, सत्तरीच्या. त्यांची दुसरी झडप आकसली होती, हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली. वयामुळे होते म्हणे तशी. घाटावर रोज देवाला जायच्या. मग चढताना मधे बसू लागल्या, मग जाणंच सोडलं.

"कुणाला सांगितलं नाही का?" मी विचारलं.

"काय सांगायचं? वय झालं, असं मीच म्हणत होते. एक दिवस चक्कर येऊन पडले तेव्हा मुलगा घेऊन आला." मग माझ्या पोटाकडे पाहून म्हणाल्या, "तुझं गरोदरपण आड आलं, माझं म्हातारपण."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. आम्हा दोघींनाही आजार झाकायला एक चांगलं कारण मिळालं होतं. हे लिहायला बसले त्याला काकूंचं ते बोलणंच कारण आहे. कुणाला वाटत असेल की आपली धाप वजनाची, वयाची, रक्त कमी असल्याची किंवा पोटातल्या बाळाची आहे, तर असेलही. पण एकदा कुणाला तरी पंखा बंद करून छाती ऐकू द्या.

फुगा

सकाळी नऊला मला आत नेलं. आदल्या दिवशी घशातून नळी घालून हृदयात गुठळी नाही याची खात्री केली होती. घसा अजून दुखत होता. टेबल अरुंद आणि गार होतं. पोटाला पुढून-मागून शिशाचं आवरण बांधलं. ते इतकं जड होतं की कुणी मांडीवर पोतं ठेवलंय असं वाटलं. मी त्यावर हात ठेवला. खाली बाळ होतं आणि मला ते हाताला लागत नव्हतं.

भूल फक्त जांघेत दिली होती. मी जागी होते. सगळ्यात अवघड गोष्ट सुईची नव्हती, आडवं पडायची होती. दोन महिने मी सपाट झोपले नव्हते. डोक्याखाली पाचर दिली तरी दोन मिनिटांत छाती भरून आली. उठून बसावं, नको हे सगळं, असं वाटू लागलं. डोक्याशी उभ्या असलेल्या सिस्टरनी माझा हात धरला. त्या जतच्या होत्या, बोलताना मधूनच कानडी शब्द यायचा.

"ताई, माझ्याकडं बघा. गाव कुठलं?"

"उंब्रजजवळचं."

"माहेर?"

"माण."

"मंजे आमच्यासारखंच दुष्काळी की! मग घाबरायचं काय? आपण पाण्याविना ऱ्हायलोय, वाऱ्याविना दोन मिनटं ऱ्हावू."

मला हसू आलं. हसताना खोकला आला, आणि डॉक्टर पडद्याआडून म्हणाले, "हलू नका हं."

मला छातीत काही कळत नव्हतं. यंत्राची पिप पिप ऐकू येत होती. मग डॉक्टर म्हणाले, "आता फुगा फुगवतोय. दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे अंधारल्यासारखं होईल. लगेच जाईल."

झालं तसंच. पिप पिप अडखळली, डोळ्यांपुढचे दिवे लांब गेले. मी मनात एक, दोन म्हणाले आणि तीनला दिवे परत आले. बाहेर कुणीतरी आकडे वाचत होतं. "अजून एकदा," डॉक्टर म्हणाले. पुन्हा अंधार, पुन्हा दिवे. पुन्हा आकडे. मग कुणीच काही बोलेना. मला वाटलं, फाटलं.

"गळत नाहीये," डॉक्टर म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते, शेजारच्या डॉक्टरांशी बोलत होते. मग माझ्याकडे वळले. "ताई, श्वास घ्या बघू."

मी घेतला. तो आत जात राहिला. इतके महिने श्वास वरच्या वर अडायचा, गळ्याच्या खाली कुठेतरी संपायचा. हा संपेचना. मी पार खालपर्यंत भरले आणि सोडला, पुन्हा घेतला. मी सपाट झोपले होते आणि श्वास घेत होते.

"कसं वाटतंय?"

"डॉक्टर, सगळे असा श्वास घेतात?"

ते मास्कच्या आत हसले. "हो, असाच घेतात."

शिशाचं आवरण काढल्यावर मी पोटावर हात ठेवला. हालचाल नव्हती. खोलीत आणलं तरी नव्हती. संतोष आणि सासूबाई दारात हसत उभे होते, डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. मी हसले नाही. सिस्टर यंत्र घेऊन आल्या, पोटावर इकडून तिकडे फिरवलं, आणि मग तो आवाज आला, घाईघाईचा.

"ऐकलंत? झोपलंय निवांत," सिस्टर म्हणाल्या.

तेव्हा मी हसले. सासूबाई पदराने डोळे पुसत संतोषना म्हणाल्या, "बग, रंग बदलला तिचा. व्हट निळं पडलं हुतं, आमाला दिसलंच न्हाई रं."

पुढचे महिने

दोन दिवसांनी मला व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालवलं. तिसऱ्या दिवशी वाईच्या काकू खुर्चीत बसून पाहत होत्या. त्या ऑपरेशनला नको म्हणत होत्या, आता काय उपयोग म्हणत होत्या. मी परत आले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा श्वास कान देऊन ऐकला. "मुलाला बोलव गं," म्हणाल्या. "त्याला सांगते, डॉक्टरांना विचार म्हणून."

घरी गोळ्या आणि अळणी जेवण चालूच राहिलं. बाळंतपणासाठी आठवडाभर आधीच सांगलीला गेलो. अर्धवट बसवूनच बाळंत केलं. जोर करू नका म्हणून बजावलं होतं, शेवटी चिमट्याने बाळाला बाहेर घेतलं. मुलगी. अडीच किलो. त्या दिवशी संध्याकाळी मला पुन्हा धाप लागली. बाळंतपणानंतरचा पहिला दिवस सांभाळायचा असतो असं डॉक्टर म्हणाले होतेच. अतिदक्षता विभागात नेलं, ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. एक दिवस मुलगी सासूबाईंपाशी होती. मला तिचा फोटो संतोष काचेतून फोनवर दाखवत होते, आणि घाबरून फोन उलटा धरला होता. दुसऱ्या दिवशी श्वास ठिकाणावर आला. तिचं नाव आरोही.

दुसरं मूल नको, हे आम्ही दोघांनी ठरवलं. पाहुण्यांनी विचारलं की सासूबाईच उत्तर देतात, "एक हाय की. लय हाय."

एकवीस दिवस

झडप उघडली म्हणजे आजार गेला असं नाही. तो ताप पुन्हा आला तर झडप पुन्हा धरेल, म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. अनेक वर्षं. ते कमरेत देतात आणि फार दुखतं. दोन दिवस एका कुशीवर झोपते. एकदा गौरी-गणपतीच्या गडबडीत मी आठ दिवस उशीर केला, तर आरोग्य केंद्रातल्या त्याच मॅडम मला सगळ्या बायकांसमोर रागावल्या. तेव्हापासून नाही चुकवलं. वर्षातून एकदा सांगलीला जाऊन सोनोग्राफी करून येते. झडप पुन्हा आकसू शकते, कधीतरी बदलावी लागेल. तेव्हा बदलू.

अंगणवाडीत एखाद्या मुलाचा घसा दुखतोय कळलं की मी त्याच्या घरी जाते. आया म्हणतात, "बाई, सर्दी हाय, जातीय." मी म्हणते, जाईल, पण एकदा दाखवून या. काहींना मी कटकटी वाटते.

गेल्या हिवाळ्यात आईचा फोन आला. ती फोनवर नेहमी आधी मेंढरांचं, पावसाचं बोलते. त्या दिवशी सरळ म्हणाली, "थोरलीच्या पूजाला ताप हाय. म्हयन्यामागं घसा धरला हुता. काल ह्यो गुडगा सुजला हुता, आज घोटा. तुजं दाजी म्हणत्यात वात हाय, शेका. म्या म्हटलं, हात लावू नगा. म्या तिला घिऊन निगालीया. यष्टीत बसलोय आमी. सांगलीला कुठं उतरायचं ते सांग."

माझी आई एकटी कधी सांगलीला गेली नव्हती. तिला बोर्ड वाचता येत नाही. दहा वर्षांच्या नातीला कडेवर घेऊन ती स्टँडवर उतरली तेव्हा मी उंब्रजहून येऊन तिथे उभी होते. तिने पूजाला माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "उशीर न्हाई न्हवं झाला?"

त्याच डॉक्टरांनी पूजाला पाहिलं. छाती ऐकली, सोनोग्राफी केली. झडपेच्या पाकळ्यांना सूज होती, पण त्या चिकटल्या नव्हत्या, उघडत होत्या. दाखल करून घेतलं, ताप उतरवला, सांध्यांची सूज गेली. "वेळेत आणलंत," डॉक्टर आईला म्हणाले. "आता हिचं इंजेक्शन चुकवायचं नाही. मग झडप बहुतेक चांगली राहील."  आईने डॉक्टरांच्या टेबलाला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

तपासणी करून पूजाला पहिलं इंजेक्शन द्यायचं ठरलं. माझाही एकविसावा दिवस त्याच सुमाराला होता, म्हणून मी सिस्टरना म्हणाले, दोघींचं बरोबरच देऊन टाका. इंजेक्शनच्या खोलीत सुई पाहून पूजाने आजीचा पदर तोंडात कोंबला.

"लय दुखतंय का गं मावशी?"

मी तिला खोटं सांगू शकले असते.

"लय दुखतं," मी म्हणाले. "दोन दिवस दुखतं."

ती सुईकडे पाहत राहिली. मग पदर सोडून म्हणाली, "तू आदी घे. म्या बगती."

मी कॉटवर पालथी झाले. सिस्टरनी सुई टोचली. मी तोंडातून आवाज काढला नाही, पण चेहरा वाकडा झालाच, आणि पूजा खाली वाकून माझा चेहरा निरखत होती. मी उठले, कमरेला हात लावून बाजूला झाले. तिने चप्पल काढली आणि स्वतःच कॉटवर चढली.